दांडा जाळल्याने मजबूत होतो का?

कुऱ्हाडीचा किंवा कुदळीचा नवा दांडा जाळावर धरून काळा करायचा, वर गोडेतेल चोळायचे, म्हणजे तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, असे पूर्वापार सांगितले जाते. यातला जाळण्याचा भाग बराचसा गैरसमज आहे.

उष्णतेने लाकडातला ओलावा उडतो, म्हणून ओली काठी शेकल्यावर टणक वाटते. तेच काम सावलीत वाळवूनही होते. जास्त शेकले की लाकडाला चिवटपणा देणारे घटकच मोडू लागतात. ब्रिटनमध्ये 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हेझल या झाडाच्या काठ्या शेकून तपासल्या: पृष्ठभाग किंचित कठीण झाला, पण काठी कमकुवत आणि ठिसूळ झाली. भाल्याच्या टोकाला ते चालेल. घाव झेलणाऱ्या दांड्याला चिवटपणाच हवा. फार तर वरची कुसळे जाळून, ब्रशने काजळी काढावी. त्याने रंग छान येतो, ताकद नाही.

तेल मात्र खरोखर उपयोगी, फक्त योग्य ते निवडा. शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल सुकत नाही, चिकट राहून धूळ धरते. जवसाचे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. त्याचे पातळ हात द्या, जादाचे पुसा, मधे एक-दोन दिवस जाऊ द्या. टोकाच्या आडव्या कापाला जास्त पाजा; पाणी तिथूनच शिरते.

आणि हे अगदी महत्त्वाचे: जवसाच्या तेलात भिजलेले चिंध्यांचे बोळे गोळा करून टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेतात. बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.