मुळाशी कोळसा, पानावर पहारा

लोणारी कोळशाचा एक तुकडा मोडा आणि मोडलेली बाजू भिंगाखाली धरा. झाड जिवंत असताना ज्या नळ्यांतून पाणी शेंड्यापर्यंत चढत होतं, त्या जशाच्या तशा दिसतात, फक्त काळ्या झालेल्या. तोच तुकडा पाण्यात टाकला तर आधी तरंगतो, मग त्यातून बारीक बुडबुडे सुटू लागतात. नळ्यांतली हवा बाहेर पडते आणि तिच्या जागी पाणी शिरतं. कोळसा मातीत घातल्यावर काय होत असेल, याची पहिली कल्पना मला या बुडबुड्यांनी दिली.

बायोचार म्हणजे असाच कोळसा, पण जाळण्यासाठी नव्हे तर मातीत मिसळण्यासाठी केलेला. फांद्या, धसकटं, टरफलं, भुसा असा वाळलेला काडीकचरा हवा जवळजवळ बंद ठेवून साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. उघड्यावर पेटवला तर राख उरते. हवा कोंडली की वायू आणि डांबर निघून जातात आणि मागे कार्बनचा सांगाडा राहतो. सूक्ष्मजीवांना तो सहजी पचत नाही, म्हणून कंपोस्ट काही वर्षांत संपतं तिथे हा शेकडो वर्षं टिकतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यात मुळात निकस असलेल्या जमिनीत काळ्या सुपीक मातीचे पट्टे सापडतात. पोर्तुगीजमध्ये त्यांना ‘तेरा प्रेता’, म्हणजे काळी माती, म्हणतात. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोंब्रूक यांनी १९६६ मध्ये त्यांचं सविस्तर वर्णन केलं. कोलंबसाच्या कितीतरी आधी तिथे राहणाऱ्या माणसांच्या वस्तीतून ही माती घडली. मात्र तिच्यात कोळशाबरोबर हाडं, खापरं आणि कुजलेला कचराही आहे. नुसत्या कोळशाने ती झाली असं सांगणारे अर्धीच गोष्ट सांगतात.

कारण बायोचार हे खत नाही. त्याच्या अंगी अन्नद्रव्यं थोडीच असतात. तो पाणी धरतो, नत्र आणि पालाश वाहून जाण्यापासून काही प्रमाणात अडवतो आणि बहुतेक वेळा मातीचा सामू (pH) वाढवतो, म्हणजे तिचं आम्लपण कमी करतो. म्हणूनच आम्ल, निचरून गेलेल्या जमिनीत त्याचा गुण ठळक दिसतो. जगभरच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उष्ण कटिबंधात उत्पादन सरासरी २५ टक्के वाढलेलं आढळलं, तर समशीतोष्ण प्रदेशात सरासरी काहीच वाढ नव्हती. चुनखडीच्या जमिनीत, जिथे सामू आधीच चढा आहे, तिथे मी तरी तो घालण्याची घाई करणार नाही.

आता रोगांकडे येतो, कारण खरं नवल तिथे आहे.

इस्राएलमधल्या वोल्कानी या कृषी संशोधन केंद्रातले यिगाल एलाड, एलेन ग्रेबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टोमॅटो आणि मिरचीची रोपं कुंड्यांत वाढवली. काही कुंड्यांच्या माध्यमात १ ते ५ टक्के बायोचार मिसळला होता. मग पानांवर करड्या बुरशीची आणि भुरीची लागण केली. बायोचार मुळांपाशी, बुरशी पानांवर. दोघांची गाठ पडण्याचा संभवच नव्हता. तरीही बायोचारच्या कुंड्यांतली पानं कमी पोळली. मिरचीवरच्या कोळी या बारीक किडीचा त्रासही कमी झाला. हे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. बुरशीला आवर बसला तो थेट कोळशाने नव्हे. झाडच आतून सावध झालं होतं. मुळांना मिळालेली वर्दी पानांपर्यंत पोचली आणि हल्ला झाल्यावर झाडाची संरक्षणयंत्रणा लवकर आणि जोराने उठली.

ही वर्दी कोण देतं? एक शक्यता मुळांभोवतीच्या सूक्ष्मजीवांची. बायोचार आला की त्यांची वस्ती बदलते, आणि त्यातले काही जीवाणू आणि बुरश्या झाडाला सावध करण्यासाठी ओळखले जातात. दुसरी शक्यता अधिक चमत्कारिक आहे: कोळशात डांबराचे अंश उरतात, ते जास्त झाले तर मुळांना विषारी, पण किंचित मात्रेत झाडाला चाळवतात. दोन्ही एकाच वेळी घडत असणं अगदी शक्य आहे.

मातीतल्या रोगांत कोळशाच्या शोषून घेण्याच्या गुणाचाही वाटा असतो. अस्पॅरॅगस या कोंबभाजीच्या जुन्या वाफ्यात पुन्हा तेच पीक घेतलं की आधीच्या मुळांतून सुटलेली आम्लं नव्या मुळांना दुबळं करतात आणि फ्युजेरियम बुरशीचं फावतं. अमेरिकेतल्या कनेटिकटच्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की बायोचार ही आम्लं धरून ठेवतो आणि मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशीला वाव मिळतो. याच गुणाची दुसरी बाजूही आहे: जमिनीत द्यायची तणनाशकंही तो तशीच गिळतो आणि तण तसंच राहतं.

पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्रेचा. ग्रेबर आणि एलाड यांच्याच गटाने काकडी आणि घेवड्याची रोपं रायझोक्टोनियाच्या मातीत लावून पाहिली. ही बुरशी कोवळी रोपं बुडाशी कुजवून आडवी करते. १ टक्का किंवा त्याहून कमी बायोचारने रोग घटला. ३ टक्क्यांना फायदा संपला, काही कुंड्यांत रोग उलट वाढला. शिवाय वाढीला मानवणारी मात्रा रोग रोखणाऱ्या मात्रेपेक्षा जास्त निघाली. म्हणजे रोप डोळ्यांदेखत तरारतं, आपण खूश होतो, आणि नेमकं तेव्हाच ते बुरशीपुढे उघडं पडलेलं असू शकतं. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या संशोधकांना अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या झाडात असंच काही दिसलं: बायोचारने वाढ जोमात, पण संरक्षणाशी निगडित अनेक जनुकं मंदावलेली. ‘जितका जास्त तितका चांगला’ म्हणून पोत्याने कोळसा ओतणाऱ्यांनी हे दोन निकाल आधी वाचावेत असं मला फार वाटतं.

१ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन सुमारे २,००० टन भरतं. त्याचा १ टक्का म्हणजे २० टन कोळसा, आणि तेवढा पाडायला ६० ते ८० टन सुका काडीकचरा लागेल. त्यामुळे रोगासाठी बायोचार वापरायचा तर त्याची जागा रोपवाटिकेत, कुंडीत, फार तर लागवडीच्या खड्ड्यात. रोपाच्या मिश्रणात एका किलोला १० ग्रॅम, एवढंच.

तोही भट्टीतून काढून थेट नको. कोरडा, ताजा कोळसा मातीतलं नत्र आधी स्वतःकडे ओढतो आणि रोपं पिवळी पडतात. तो बारीक करून ओल्या कंपोस्टमध्ये काही आठवडे मुरवावा. नव्या भट्टीचा माल असेल तर सॅलडच्या किंवा मोहरीच्या वीस बिया नुसत्या मिश्रणात आणि वीस बायोचारच्या मिश्रणात टाकून पाहाव्यात. डांबर जास्त असेल तर दुसऱ्या कुंडीतल्या बिया रुजतच नाहीत, किंवा रुजून त्यांची मुळं आखूड आणि तपकिरी राहतात. कोळसा चांगला असेल तर हंगामाअखेरीस कुंडी उलटी करून तुकडे शोधा. पांढरी केसाळ मुळं त्यांना घट्ट चिकटलेली असतात आणि तुकडा हलकेच ओढला तरी सुटत नाहीत.