म्हैस उड!

"चिमणी उड! कावळा उड! म्हैस उड!" म्हशीला बोट वर गेलं की पोरगं बाद. लोडशेडिंगच्या अंधारात अंगणात बसून आम्ही हा खेळ किती खेळलो असू, गणती नाही. मेंदूचे अभ्यासक मुलांची जी चाचणी घेतात, ती जवळपास हीच: एका खुणेला बटण दाबायचं, दुसरीला हात आवरायचा. हात आवरण्याचं काम कपाळामागच्या भागाचं, आणि तो पुरता पक्व व्हायला पंचविशी उजाडते. सहाव्या वर्षी मेंदू आकाराने मोठ्या माणसाच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो, पण ब्रेक कच्चेच.

नांदेडला गतका, म्हणजे शिखांची काठी-तलवारीची युद्धकला, शिकणारी लहानगी पोरं जवळून पाहा. काठी आठाच्या आकड्यात फिरवायची असते: उजवा हात डावीकडे जातो, मनगट उलटतं, परत उजवीकडे. नव्या पोराची काठी हमखास स्वतःच्याच गुडघ्यावर बसते. लहान मुलं शक्यतो उजवीकडची वस्तू उजव्या हाताने उचलतात, डावीकडची डाव्या. शरीराची मधली रेघ ओलांडायची तर मेंदूच्या दोन्ही अर्ध्यांचा मेळ बसावा लागतो. त्यातच पवित्रा बदलायचा. डोकं कुठं वळलं ते कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका सांगतात, हातपाय कुठं आहेत ते स्नायू आणि सांधे. कुठं चुकलं याचा हिशोब डोक्याच्या मागच्या बाजूचा 'लहान मेंदू' ठेवतो आणि पुढचा फेरा थोडा सुधारतो. नावालाच लहान तो. मेंदूतल्या साधारण ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज त्याच्याकडे आहेत!

पण माझ्या मते खरी कमाई फिरवण्यात नाही, थांबवण्यात आहे. जोडीदाराच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर काठी रोखायची, ही झाली 'म्हैस उड'चीच वरची इयत्ता.

२००४ साली अमेरिकेतल्या लेक्स आणि हॉइट या संशोधकांनी एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. काही वर्गांना तीन महिने तायक्वांदो, बाकीच्यांना नेहमीची पीटी. तायक्वांदोवाल्या मुलांचा स्वतःवरचा ताबा जास्त सुधारला, वर्गातली वागणूकही, इतकंच काय, तोंडी गणितसुद्धा. (लातूरकडचे पालक आता कान टवकारतील.) मात्र तिथं नुसत्या लाथा शिकवल्या नव्हत्या. मी कुठं आहे, काय करतोय, काय करायला हवं, हे मुलांनी स्वतःला विचारायचं होतं. एका शाळेवरून सगळ्या क्लासची हमी देता येत नाही, आणि दर तीन महिन्यांनी नव्या रंगाचा बेल्ट मिळाला म्हणून मेंदू बदलत नाही.

क्लास लावताना फीआधी एक गोष्ट विचारा: लहान मुलांच्या डोक्यावर फटके चालतात का? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं, की आधी अंगाला न लागणारा सराव पक्का होऊ द्या, झुंज नंतर. डोक्याला टोपी घातली म्हणजे आतला मेंदू हादरायचा थांबत नाही. "हेल्मेट आहे की" असं उत्तर आलं, तर दुसरा क्लास शोधा.