हाडांच्या इंजेक्शनचा ‘कोर्स’: एका शब्दाची पार्श्वभूमी

जळगाव-भुसावळकडच्या औषध दुकानांत हाडांच्या ठिसूळपणावरची इंजेक्शने त्यांच्या नावाने क्वचितच मागितली जातात. ‘रोजचं’, ‘सहा महिन्यांचं’ आणि ‘वर्षाचं’ एवढीच त्यांची ओळख असते आणि तिन्हींच्या मागे ‘कोर्स’ हा एकच शब्द लागतो. टेरिपॅराटाइड, डेनोसुमॅब आणि झोलेड्रॉनिक आम्ल ही ती अनुक्रमे औषधे. यांतील पहिल्याला हा शब्द बऱ्यापैकी शोभतो, दुसऱ्याच्या बाबतीत मात्र तो धोकादायक ठरतो.

टेरिपॅराटाइडचे मूळ पॅराथायरॉइड संप्रेरकात, म्हणजे रक्तातले कॅल्शियम सांभाळणाऱ्या, गळ्यातील छोट्या ग्रंथींच्या स्रावात आहे. त्याचे प्रमाण सतत वाढलेले राहिले तर हाडांतील कॅल्शियम ओढले जाते, परंतु तेच संप्रेरक थोड्या मात्रेत आणि मधूनमधून दिले तर नवे हाड तयार होते, हे प्राण्यांवरील प्रयोगांत १९३० च्या आसपासच दिसले होते. त्या निरीक्षणाकडे पुढे कित्येक दशके फारसे कोणी वळून पाहिले नाही. संप्रेरकाच्या ८४ अमिनो आम्लांपैकी पहिल्या ३४ चा तुकडा, म्हणजेच टेरिपॅराटाइड, कामापुरता पुरतो हे कळल्यावर चक्र फिरले आणि नव्वदच्या दशकात १,६३७ स्त्रियांवर मोठी चाचणी सुरू झाली. ती तीन वर्षे चालायची होती. मात्र १९९८ च्या अखेरीस, उंदरांना जवळजवळ आयुष्यभर हे औषध टोचल्यावर त्यांच्यात हाडांचा कर्करोग आढळल्याने ती मध्येच थांबवण्यात आली. तोवर स्त्रियांनी सरासरी दीड-पावणेदोन वर्षेच औषध घेतले होते. तेवढ्यातही मणक्यांचे नवे अस्थिभंग सुमारे ६५ टक्क्यांनी घटले होते.

दोन वर्षांची प्रसिद्ध मर्यादा इथून आली. २००२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली ती चौकटीतल्या इशाऱ्यासह (औषधाच्या माहितीपत्रकात चौकटीत छापलेली गंभीर धोक्याची सूचना), आणि आयुष्यभरात दोन वर्षांहून अधिक काळ हे औषध देऊ नये असे ठरले. युरोपात ही मुदत आधी १८ महिने होती, नंतर २४ झाली. दोन वर्षांनंतर औषध निष्प्रभ होते किंवा घातक ठरते असे कोणत्याही मानवी चाचणीने दाखवले नव्हते. अर्धवट राहिलेल्या चाचणीची लांबी आणि उंदरांविषयीची भीती यांच्या बेरजेतून हा आकडा निघाला होता. उंदरांच्या हाडांची वाढ जवळपास आयुष्यभर चालू राहते आणि त्यांना मिळालेली मात्रा माणसाच्या मानाने कितीतरी पट होती, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला होता. सावधगिरी चूक नव्हती, पण तिची मुदत पुढे निसर्गनियमासारखी पाठ केली गेली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दीर्घकालीन पाहणीत माणसांमध्ये कर्करोगाची वाढ दिसली नाही आणि नोव्हेंबर २०२० मध्ये तो चौकटीतला इशारा काढण्यात आला. अस्थिभंगाचा धोका अजूनही मोठा असेल किंवा पुन्हा वाढला असेल, तर दोन वर्षांपुढे विचार करता येईल, अशी आता भाषा आहे. हाडाचा कर्करोग झालेले, हाडांना किरणोपचार मिळालेले आणि वाढीच्या वयातील मुले यांच्यासाठीची मनाई मात्र कायम आहे.

या दोन वर्षांनीच ‘कोर्स’ हा शब्द रुजवला. एक पेन (औषध भरलेली, पेनासारखी सिरिंज) २८ दिवसांचे, म्हणजे साधारण २६ पेने, आणि मग सुटका, हे गणित सोपे होते. टेरिपॅराटाइडनंतर कमावलेले हाड टिकवण्यासाठी दुसरे औषध लागते, हा उत्तरार्ध त्या गणितात कधी शिरलाच नाही.

२०१० मध्ये डेनोसुमॅब आले आणि घोळ वाढला. ६० मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन, वर्षातून दोनदा, मणक्याच्या अस्थिभंगात ६८ टक्के घट. शिवाय पुढे भारतीय बनावटीची पर्यायी औषधे आल्यावर ते तालुक्याच्या गावातल्या कुटुंबांच्याही आवाक्यात आले. हाड झिजवणाऱ्या पेशी तयारच होऊ न देणे हे त्याचे काम असून, ते शरीरातून उतरले की या पेशी दुप्पट जोमाने परततात. हाडांची कमावलेली घनता एक-दोन वर्षांत निघून जाते आणि काही रुग्णांत एकाच वेळी अनेक मणके दबतात. ही गोष्ट २०१५ नंतरच्या अहवालांमधून ठळक झाली. तोवर ‘चार इंजेक्शनं झाली, कोर्स पूर्ण’ असे म्हणण्याची सवय पडून गेली होती. डेनोसुमॅब सोडून थेट टेरिपॅराटाइडवर जाणेही हिताचे नाही, कारण तसे केल्यास घनता आधी घसरते, हेही याच सुमारास स्पष्ट झाले. सोडायचेच असेल तर सहा महिने भरताच हाड धरून ठेवणारे दुसरे औषध, गोळीतून किंवा शिरेतून, सुरू करणे हा आजचा परिपाठ आहे.

टाळेबंदीच्या वर्षी याची कसोटी लागली. एप्रिल-मेमधले इंजेक्शन श्रावणावर गेल्याची उदाहरणे आपल्याकडेही घडली. ठरलेल्या तारखेपेक्षा चार महिन्यांहून अधिक उशीर झाल्यास मणक्याच्या अस्थिभंगाचा धोका वेळेवर घेणाऱ्यांच्या सुमारे चौपट असतो, असे ब्रिटनमधील नोंदींवरून त्याच वर्षी मांडले गेले.

खानदेशात आणखी एक अडचण उन्हाळ्याची. रोजचे पेन आणि सहा महिन्यांची भरलेली सिरिंज, दोन्ही २ ते ८ अंशांत ठेवायची असतात, आणि मे महिन्यात भुसावळचा पारा ४५ च्या आसपास असतो. अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी निघालेल्या बाईच्या पिशवीत पेनभोवती बर्फाचे तुकडे बांधलेले दिसतात. पण बर्फाला टेकून गोठलेले औषध वापरायचे नसते, ते टाकून द्यावे लागते. बर्फ आणि पेन यांच्यामध्ये रुमालाची घडी असली तरी बराच फरक पडतो. माठाजवळची ओल थंड वाटली तरी ती ८ अंशांची नसते. भारनियमनात फ्रीज सारखा उघडू नये एवढे पथ्य घरात पाळता येते. रोजच्या पेनचे पहिले काही डोस बसून घ्यावेत, कारण उठताना चक्कर येऊ शकते.

याशिवाय डी जीवनसत्त्वाची सहा लाख युनिटची कुपीही ‘हाडांचं इंजेक्शन’ याच नावाने ओळखली जाते. ती कमतरता भरून काढण्यासाठी असते, ठिसूळपणावरचा उपचार म्हणून नव्हे. सत्तरीपुढच्या २,२५६ स्त्रियांवरील चाचणीत वर्षातून एकदाच पाच लाख युनिट तोंडावाटे दिल्यावर पडणे आणि हाड मोडणे उलट वाढले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र ही कमतरता आणि रक्तातले कॅल्शियम आधी नीट केल्याशिवाय डेनोसुमॅब देता येत नाही. मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या, विशेषतः डायलिसिसवरच्या रुग्णांत कॅल्शियम जीवघेणे घसरू शकते म्हणून जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेत या औषधाला चौकटीतला इशारा जोडला गेला. २००७ पासून वापरात असलेल्या ‘वर्षाच्या’ शिरेतील औषधालाही, म्हणजे झोलेड्रॉनिक आम्लालाही, मूत्रपिंडाचीच अट आहे: क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचे माप) ३५ च्या खाली असेल तर ते देत नाहीत, आणि दिले तर किमान १५ मिनिटे लावून सोडतात.