एका मोहरावरून बागेची किंमत

२०२२ च्या मे महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आला. 'टाटा स्टील, पीई फक्त ४! बाजार झोपलाय, तुम्ही जागे व्हा!' पुढे तीन रॉकेटं. पाठवणारा माझा मावसभाऊ. इंजिनिअर माणूस, त्यामुळे भागाकार चुकलेला नव्हता. कंपनीने २०२१-२२ या आर्थिक वर्षात ४१,७४९ कोटी रुपयांचा एकत्रित निव्वळ नफा मिळवला होता, शेअरमागे साधारण ३३२ रुपये. मार्चअखेर शेअरचा भाव होता तेराशेच्या आसपास. तेराशे भागिले तीनशे बत्तीस, उत्तर चारच्याही किंचित आत.

पीई म्हणजे शेअरचा आजचा भाव शेअरमागच्या वर्षभराच्या नफ्याच्या किती पट आहे, तो आकडा. पीई ४ म्हणजे नफा असाच राहिला तर चार वर्षांत पैसे वसूल. सगळी मेख त्या 'असाच राहिला तर' मध्ये. पुढच्याच वर्षी हा नफा ८,०७५ कोटींवर आला आणि २०२३-२४ मध्ये ४,९१० कोटींचा तोटा झाला. तोट्याला पीई नसतो, त्या रकान्यात नुसती आडवी रेघ येते. आणि गंमत बघा. मधल्या काळात एका शेअरचे दहा झाले, तो हिशेब जमेस धरला तर मार्च २०२४ अखेरचा भाव मार्च २०२२ पेक्षा वरच होता. म्हणजे विक्रमी नफ्याच्या वर्षी बाजाराने जी किंमत दिली, तिच्यापेक्षा जास्त तोट्याच्या वर्षी दिली. बाजार झोपलेला नव्हता. तो एका वर्षाचा नफा बघत नव्हता, एवढंच.

हीच गोष्ट कोकणातल्या एखाद्या बागायतदाराला सांगून पाहा, त्याला नवल वाटणार नाही. हापूसचं कलम साधारण एकाआड एक वर्ष धरतं. ज्या वर्षी झाड फळांनी लगडतं, त्या वर्षी त्याची साठवण फळांतच खर्च होते, नवी पालवी कमी फुटते, आणि पालवी जून झाल्याशिवाय मोहर नाही. मग पुढचा मोसम हलका जातो. हे ठाऊक असलेला माणूस भरल्या वर्षाचा आंबा बघून बागेचा सौदा करत नाही आणि रिकाम्या वर्षी 'बाग फुकट द्या' म्हणतही नाही. तो विचारतो, गेल्या आठ-दहा वर्षांत मिळून पेट्या किती निघाल्या?

पोलाद, साखर, सिमेंट, जहाजवाहतूक, कच्चं तेल हे असेच धंदे. त्यांची पाळी फक्त जास्त लांब आणि बेभरवशाची. भाव चढले की सगळे एकदम नव्या भट्ट्या उभारायला घेतात. त्या पेटायला काही वर्षं जातात, मग सगळ्यांचा माल एकाच वेळी बाजारात येतो आणि भाव आपटतात. कोणी कारखाना काढेनासं झालं की पुन्हा टंचाई, पुन्हा तेजी.

एका वर्षाच्या नफ्यावर भरवसा ठेवू नका, हे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या बेंजामिन ग्रॅहॅम आणि डेव्हिड डॉड यांनी १९३४ मध्येच सांगितलं होतं. निदान पाच, आणि शक्यतो सात किंवा दहा वर्षांच्या नफ्याची सरासरी घ्या, असा त्यांचा सल्ला. १९२९ च्या पडझडीत ग्रॅहॅम यांचे स्वतःचे हात चांगलेच पोळले होते, तेव्हा हा सल्ला अनुभवाचा होता.

पण नुसती सरासरी घेतली की एक चूक राहते. दहा वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया एक नव्हे. आपल्या ग्राहक किंमत निर्देशांकाचं उदाहरण घ्या. २०१२ साली तो १०० धरला, तर २०१४ मध्ये तो ११७ च्या आणि २०२४ मध्ये १९० च्या आसपास होता. १९० भागिले ११७ म्हणजे सुमारे १.६. एखाद्या कंपनीने २०१४ मध्ये शेअरमागे २० रुपये मिळवले असतील, तर ते २०२४ च्या रुपयांत ३२ झाले. असं प्रत्येक वर्षाचं उत्पन्न आजच्या रुपयांत आणायचं, दहांची बेरीज करायची, दहाने भागायचं आणि आजच्या भावाला त्या सरासरीने भागायचं. तेजी-मंदीचा चढउतार काढून टाकणाऱ्या या आकड्याला केप म्हणतात, म्हणजे 'सायक्लिकली अ‍ॅडजस्टेड' पीई. महागाई सोडून दिली तर जुनी वर्षं उगाच दरिद्री दिसतात, सरासरी खाली जाते आणि शेअर आहे त्याहून महाग वाटतो. अमेरिकेत १९७२ ते १९८२ या दहा वर्षांत किमती सव्वादोन पटींहून थोड्या जास्तच झाल्या. तिथे ही दुरुस्ती न करता काढलेल्या सरासरीला काही अर्थच राहत नाही.

आता मला खरं आवडतं ते. शाळेतला अंश आणि छेद आठवा. पीईमध्ये भाव अंशात असतो आणि नफा छेदात. भाव वर्षभरात वीस-तीस टक्के हलला तरी आपण 'काय हे चढउतार' म्हणतो. नफा मात्र थेट शून्याजवळ जाऊ शकतो. शंभराला वीसने भागा, पाच. दहाने भागा, दहा. दोनने भागा, पन्नास. एकाने भागा, शंभर. छेद शून्याकडे सरकताना उत्तर फुगत नाही, उसळतं. त्यामुळे मंदीच्या तळाशी, शेअर मातीमोल झालेले असताना, पीई आभाळाला टेकलेला असतो. ९ मार्च २००९ रोजी पाचशे बड्या अमेरिकी कंपन्यांचा एस अँड पी ५०० निर्देशांक ६७६ वर होता, पण त्या वसंतात त्याच्या आधीच्या बारा महिन्यांच्या नफ्यावर काढलेला पीई शंभराच्या पुढे गेला. साधा पीई ओरडून सांगत होता की बाजार इतिहासात कधी नव्हता इतका महाग आहे. केप होता तेराच्या आसपास, दीर्घकाळच्या सरासरीच्या खाली.

त्या शंभराच्या आकड्यात आणखी एक खोडी आहे. दोनच कंपन्यांचा निर्देशांक कल्पा. पहिलीचा नफा १०० आणि बाजारमूल्य १,०००, म्हणजे पीई १०. दुसरीला ९० चा तोटा आणि बाजारमूल्य उरलंय फक्त २०. दोघींची बेरीज केली तर मूल्य १,०२० आणि नफा १०. पीई १०२! पहिल्या कंपनीच्या भागधारकाचा एक पैसाही बुडालेला नसताना तिचा शेअर 'महाग' ठरला. दुसरीच्या तोट्याची झळ पहिलीच्या मालकाला लागत नाही. इतकंच नाही, दुसरीच्या मालकालाही त्याच्या शेअरच्या किमतीपलीकडे लागत नाही, कारण मर्यादित जबाबदारीचा अर्थच तो. बेरीज मात्र हे जाणत नाही, ती तोटा पूर्णच्या पूर्ण वजा करते. २००८ च्या शेवटच्या तिमाहीत एआयजी या एका विमा कंपनीने ६१.७ अब्ज डॉलरचा तोटा दाखवला, अमेरिकी कंपन्यांच्या इतिहासातला तोवरचा सर्वांत मोठा तिमाही तोटा. तोवर निर्देशांकात तिचं वजन नगण्य उरलं होतं, पण छेदातून वजा झाले ते सगळेच्या सगळे ६१.७ अब्ज. व्हार्टन या अमेरिकी बिझनेस स्कूलचे निवृत्त प्राध्यापक जेरेमी सीगल हा मुद्दा अनेक वर्षं मांडत आले आहेत आणि मला तो पटतो. केपही यातून सुटत नाही. असा खड्डा दहाने भागला जातो हे खरं, पण तो दहा वर्षं सरासरीत मुक्कामाला राहतो. २००८-०९ चा तोटा २०१८-१९ मध्ये दहा वर्षांच्या खिडकीबाहेर पडला, तेव्हा बाजारात काहीच घडलं नसतं तरी केप थोडा उतरला असता.

केपला आज जे वलय आहे ते अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट शिलर यांच्यामुळे. त्यांनी सहकारी जॉन कॅम्पबेल यांच्याबरोबर १९८८ च्या आणि पुढच्या लेखांत, १८७१ पासूनच्या अमेरिकी आकड्यांवर एक प्रश्न विचारला. केप सरासरीच्या खूप वर गेला की केव्हातरी खाली येतो. खाली यायला वाटा दोनच: अंश घटला पाहिजे किंवा छेद वाढला पाहिजे. बाजार शहाणा असेल तर आजचा चढा भाव ही उद्याच्या मोठ्या नफ्याची चाहूल असते, मग काम छेदाने करायला हवं. आकड्यांत दिसलं उलटंच. बहुतेक वेळा नफा वाढून हिशेब जुळला नव्हता, भाव पडून जुळला होता. सप्टेंबर १९२९ मध्ये केप ३२ च्या वर होता, १९९९ च्या अखेरीस ४४ च्या आसपास. दोन्ही वेळा पुढे बाजार कोसळला हे जगजाहीर आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये तो सातच्याही खाली होता आणि तिथून तेजी सुरू झाली ती जवळपास अठरा वर्षं चालली. २०१३ मध्ये शिलर यांना नोबेल मिळालं ते युजीन फामा यांच्याबरोबर, जे आयुष्यभर 'बाजारभावात सगळी माहिती आधीच असते' असं सांगत आले. समितीला विनोदबुद्धी असावी.

मात्र याच शिलर-कॅम्पबेल जोडीची फजितीही झाली आहे. डिसेंबर १९९६ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेपुढे हे आकडे मांडले. दोन दिवसांनी, ५ डिसेंबरला, बँकेचे अध्यक्ष अ‍ॅलन ग्रीनस्पॅन भाषणात 'अविवेकी उत्साह' असे शब्द बोलून गेले. त्या दिवशी एस अँड पी ७४४ वर बंद झाला. दोघांच्या गणिताप्रमाणे पुढच्या दहा वर्षांत, महागाई वजा जाता, बाजाराने चाळीस टक्क्यांच्या आसपास किंमत गमवायला हवी होती. प्रत्यक्षात तो मार्च २००० मध्ये दीड हजारांच्या पुढे गेला, तिथून आपटला, आणि तरीही २००६ अखेर १,४०० च्या वर होता. महागाई वजा केली तरी दहा वर्षांत सुमारे पन्नास टक्के वाढ. अंदाज साफ चुकला. आणि मग मार्च २००९ मध्ये तोच निर्देशांक ६७६, म्हणजे १९९६ च्या आकड्याच्याही खाली. महागाई धरली तर घट बत्तीस टक्के, लाभांश वेगळा. अंदाज दहाव्या वर्षी सपशेल चूक आणि बाराव्या वर्षी जवळजवळ बरोबर! जो माणूस १९९६ मध्ये सगळं विकून बसला, त्याला बायकोने किती वर्षं टोमणे मारले असतील याचा हिशेब कोणत्याही निर्देशांकात नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून अमेरिकेचा केप दीर्घकालीन सरासरीच्या खाली गेला तो २००८-०९ मधल्या काही महिन्यांपुरताच. सरासरीची वाट पाहणारे अजून फलाटावरच उभे आहेत.

तरी मी या आकड्याला बाजारातल्या ज्योतिषांच्या पंगतीत बसवणार नाही. मुहूर्ताच्या सौद्यांबद्दल माझी तक्रार नाही, लक्ष्मीपूजनाला दोन शेअर घेतल्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण गुरूने रास बदलली म्हणून बँकांचे शेअर चढणार, असं छापणाऱ्याला त्याचे चुकलेले अंदाज कोणी मोजून दाखवत नाही. शिलर यांचा चुकलेला अंदाज आपण वर तारखेसकट मोजला. मोजता आला, कारण तो तसा मांडला होता.

एकट्या कंपनीवर केप लावताना हात आणखी आखडता घ्यावा लागतो. आधी शेअरचं विभाजन, बोनस, हक्कभाग यांचे हिशेब जुळवायचे. वर एकाचे दहा झाले म्हणालो, ते विसरून जुने ३३२ नव्या भावाशी लावले तर कंपनी जवळपास फुकट मिळत असल्यासारखी दिसेल. मग कंपनी तीच आहे का, हे बघायचं. टाटा स्टीलने २००७ मध्ये युरोपातली कोरस घेतली, २०१८ मध्ये भूषण स्टील घेतली. अशा खरेदीच्या आधीचा शेअरमागचा नफा वेगळ्याच बागेचा आंबा असतो. आणि निर्देशांकातून मेलेली कंपनी काढून नवी घालता येते, एकटी कंपनी मात्र मरूही शकते. छायाचित्राची फिल्म बनवणाऱ्या कारखान्याची दहा वर्षांची सरासरी शेवटपर्यंत सुंदर दिसली असती. वेगाने वाढणाऱ्या कंपनीचं याच्या नेमकं उलट, तिला सरासरी कायम महागच ठरवते. कोकणात आंब्याला दरवर्षी धरायला लावण्यासाठी मुळाशी कल्टार नावाचं रसायन घालतात, तसं नफ्यालाही घालतात. चांगल्या वर्षी तरतुदी, म्हणजे पुढच्या खर्चासाठी बाजूला काढलेल्या रकमा, फुगवायच्या, वाईट वर्षी त्या उलटवायच्या. मुळाशी काय चाललंय ते दिसत नाही.

मावसभावाने मला परवा विचारलं, दहा वर्षं धरली तर मग हे शास्त्र पक्कं का? मी त्याला वर्षं मोजायला सांगितलं. अमेरिकेचा केप १८८१ पासून काढता येतो. दर महिन्याला एक धरला तर आकडे सतराशेच्या वर भरतात आणि आलेखावर भरगच्च दिसतात. पण लागोपाठच्या दोन महिन्यांच्या सरासरीत दहा वर्षांपैकी जवळजवळ सगळा काळ सामाईक असतो. एकमेकांवर न चढणारी दशकं मोजली तर ती भरतात चौदा. आपल्या सेन्सेक्सचं आधारवर्ष १९७८-७९. पहिली दहा वर्षं सरासरी काढण्यातच गेली, राहिली साडेतीन दशकं. 'साडेतीन?' तो म्हणाला आणि मोबाइल खिशात ठेवला.