ब्रॉडहेड निवडताना आधी पात्याचा उतार बघा

परवा एका मित्राने एक व्हिडिओ पाठवला. पारदर्शक जेलीचा मोठा ठोकळा, त्यावर कंपाऊंड बो (कप्प्या लावलेलं आधुनिक धनुष्य) मधून सुटलेला बाण, स्लो मोशनमध्ये पाती फटकन उघडतात आणि आत हे एवढं भगदाड! खाली लोकांनी लिहिलंय की काय जबरदस्त धक्का आहे, हरीण जागेवर आडवं होणार. तो व्हिडिओ बघून मला राहवेना, कारण त्या एका वाक्यात बाणाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज आहे, आणि तो डोक्यात ठेवून ब्रॉडहेड निवडला तर त्याची किंमत हरणाला मोजावी लागते.

ब्रॉडहेड म्हणजे शिकारीच्या बाणाचं पुढचं धारदार पात्यांचं टोक. नेमबाजीच्या सरावाला जे गोल अणकुचीदार टोक लावतात त्यापेक्षा हे पूर्ण वेगळं प्रकरण. उत्तर अमेरिकेत व्हाइट-टेल्ड हरणाची धनुष्यबाणाने शिकार करण्याचा वेगळा सीझन असतो, आणि तो जवळ आला की कुठला ब्रॉडहेड घ्यायचा यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. त्या वादात वजन, रुंदी, कंपनी सगळं येतं, फक्त कापणं म्हणजे नेमकं काय होतं हे कोणी बोलत नाही.

आधी धक्क्याचा हिशोब करून टाकू. साधारण 400 ग्रेन वजनाचा बाण धरा, म्हणजे जेमतेम 26 ग्रॅम (बाणाच्या जगात वजन ग्रेनमध्येच मोजतात, 7,000 ग्रेनचा एक पौंड). चांगल्या कंपाऊंड बो मधून तो सेकंदाला 280 फूट म्हणजे 85 मीटर वेगाने सुटतो. शाळेतलं अर्धा एम व्ही वर्ग लावलं की ऊर्जा येते साधारण 94 जूल. आता थर्टी-ऑट-सिक्स रायफलची 150 ग्रेनची गोळी घ्या, सेकंदाला 2,900 फूट वेगाची, तिची ऊर्जा 3,800 जूलच्या आसपास. चाळीस पट! गोळी जे काही करते ते या ऊर्जेच्या जोरावर, आजूबाजूचं मांस क्षणभर फुग्यासारखं ताणून फाडत जाते. बाणाकडे ती ऊर्जाच नाही. तो 26 ग्रॅमचा बाण 70 किलोच्या हरणात पूर्ण रुतून थांबला तरी हरणाला मिळणारा वेग सेकंदाला 3 सेंटीमीटर. तीन सेंटीमीटर! मुंगीने ढकलल्यासारखं म्हणा हवं तर. तेव्हा बाणाच्या बाबतीत शॉक, नॉकडाऊन पॉवर वगैरे शब्द जाहिरातीत दिसले की ते सोडून पुढे वाचायचं.

मग हरीण मरतं कशाने? रक्तस्रावाने आणि फुप्फुसं मिटल्याने. बाण दोन बरगड्यांमधून आत शिरतो, दोन्ही फुप्फुसं आणि त्यातल्या रक्तवाहिन्या कापतो आणि नीट बसला तर पलीकडून बाहेर पडतो. छातीच्या पोकळीत एरवी बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो, त्यामुळेच फुप्फुसं ताणलेली राहतात, भोक पडलं की हवा आत घुसते आणि फुप्फुसं आक्रसतात. दुसरीकडे 70 किलोच्या प्राण्यात रक्त साधारण 5 लिटर, त्यातलं एक तृतीयांशाच्या वर भराभर गेलं की रक्तदाब कोसळतो, मेंदूला रक्त मिळत नाही आणि शुद्ध हरपते. दोन्ही फुप्फुसं नीट कापली गेली तर हे बहुतेक वेळा 10-15 सेकंदात होतं, तेवढ्या वेळात हरीण शंभरेक मीटर पळूनही जातं, कारण त्याचा वेगच ताशी 50 किलोमीटरच्या घरात असतो. म्हणून सगळा प्रश्न असा उरतो की हातात असलेल्या 94 जूलमध्ये जास्तीत जास्त आणि स्वच्छ कसं कापायचं.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. कोऱ्या कागदाची कड बोटाने नुसती दाबा, काही होत नाही. तीच कड बोटावरून सरकली की चर्रकन कापतं. कागद तोच, बोट तेच, जोरही फार नाही, फरक फक्त सरकण्याचा. मऊ गोष्टी (कातडी, स्नायू, फुप्फुस) वरून दाबल्या की दबतात आणि तो दाब आजूबाजूला पसरवून टाकतात, तुटत नाहीत, पण धार त्यांच्यावरून सरकत गेली की धारेला चिकटलेले तंतू बाजूला ओढले जातात, ताणले जातात आणि कितीतरी कमी जोरात तुटायला लागतात, आणि एकदा चीर पडली की ती पुढे न्यायला फारसं काही लागत नाही. फ्रान्समध्ये 1792 साली गिलोटिन आलं तेव्हा त्याचं पातं तिरकं ठेवलं होतं, त्यामागे हेच.

पण बाण तर सरळ जातो, त्याला सरकता कुठे येतं? येतं, आणि ते पात्याच्या उतारावर ठरतं. तीन इंच लांब आणि एक इंच रुंद असं साधं दोन पात्यांचं टोक घ्या, जुने धनुर्धारी तीनास एक म्हणतात ते. त्याची धार बाणाच्या दिशेशी साधारण साडेनऊ अंशांचा कोन करते. म्हणजे बाण पुढे जाताना धार कातडीला 1 मिलिमीटर दाबते तेव्हा तिच्यावरून 6 मिलिमीटर सरकते. आता आखूड रुंद टोक घ्या, ज्याची धार 45 अंशात आहे: 1 मिलिमीटर दाबणं, 1 मिलिमीटर सरकणं. वर दिसायला दोन्ही धारदारच, पण पहिलं सुरीसारखं सरकत कापतं आणि दुसरं बरंचसं दाबून तोडतं.

दुसरी गंमत याहून मोठी आहे, थोडी भूमिती आहे पण सोडू नका. घाटाचा रस्ता डोळ्यासमोर आणा. डोंगर तोच, उंची तीच, पण रस्ता तिरका तिरका जातो म्हणून चढ सौम्य होतो. पात्याच्या धारेचंही तसंच. समजा धार दोन्ही बाजूंनी घासून 40 अंशांची केली आहे, म्हणजे मधल्या रेषेपासून प्रत्येक बाजूला 20 अंश. मांस जर धारेला काटकोनात भेटलं तर त्याला 40 अंशांची पाचर भेटते. पण पातं तिरकं आहे, मांस धारेवरून तिरकं जातंय, त्यामुळे त्याला जाणवणारा कोन कमी. हिशोब असा की 20 अंशांचा टॅन्जंट (0.364) गुणिले धारेच्या तिरकेपणाचा साइन. साडेनऊ अंशांचा साइन 0.165, गुणाकार 0.06, म्हणजे एका बाजूला साडेतीन अंशांच्या आत, दोन्ही मिळून 7. तेच 45 अंशांच्या पात्याला केलं तर 0.257, एका बाजूला 14 अंशांच्या वर, दोन्ही मिळून 29! धार लावणाऱ्याने दोघांना सारखीच लावली होती, सहाण एकच, कोन एकच, पण मांसाच्या दृष्टीने एक वस्तऱ्याच्या जवळ आणि दुसरं कुऱ्हाडीच्या. मला हे पहिल्यांदा वहीवर आकडेमोड करताना दिसलं तेव्हा मी पुन्हा दोनदा करून बघितलं. अर्थात लांब पात्याचे तोटेही आहेत, बाजूचा पृष्ठभाग वाढतो म्हणून घर्षण वाढतं, आणि हवेत ते पंखासारखं वागतं, त्यावर खाली येतोच.

रुंदीचा हिशोब सरळ आहे. कापायला लागणारा जोर साधारणपणे कापाच्या एकूण रुंदीच्या प्रमाणात वाढतो, आणि जोर गुणिले अंतर म्हणजे ऊर्जा, ती तर ठरलेली. रुंदी दुप्पट केली की खोली निम्म्याच्या आसपास येणार. फुकट काही मिळत नाही. मेकॅनिकल ब्रॉडहेडची पाती हवेत मिटलेली असतात आणि कातडीला लागल्यावर उघडून दीड-दोन इंच रुंद होतात, फिक्स्ड (म्हणजे पाती कायम उघडी असलेली) टोकं बहुधा एक ते सव्वा इंचाची. मेकॅनिकलमध्ये उघडण्यातच थोडी ऊर्जा जाते, उघडलेल्या पात्यांचा उतार बहुतेक वेळा उभा असतो (वरचं 29 अंशांचं गणित आठवा), आणि हरीण तिरकं उभं असेल तर एक पातं आधी लागून बाण वळू शकतो. पण नीट आडव्या उभ्या हरणावर जोरदार धनुष्यातून सुटला तर तो जो काप करतो त्याला तोड नाही, आणि नेम दोन बोटं चुकला तरी एखादी मोठी रक्तवाहिनी सापडायची शक्यता वाढते. मी मेकॅनिकलच्या विरोधात नाही, ऊर्जा शिल्लक असेल तरच ती उधळावी एवढंच म्हणतो.

इथे त्या जेलीकडे परत येऊ. बॅलिस्टिक जिलेटिन हे गोळ्यांसाठी बनवलेलं माध्यम आहे. गोळी जेलीत जाते तेव्हा मागे दांडी नसते. बाणाला अडीच फुटांची दांडी असते आणि जेली त्या दांडीला चारी बाजूंनी घट्ट पकडते. खऱ्या प्राण्यात टोकाने केलेला काप दांडीपेक्षा रुंद असतो, आत रक्ताचं वंगण असतं, आणि बाहेरून केस, कातडी, बरगड्या असतात ज्या जेलीत नसतात. त्यामुळे जेलीत कुठला ब्रॉडहेड किती इंच गेला याच्यावरून हरणात काय होईल हे ठरवणं चूक आहे, व्हिडिओ कितीही सुंदर असो. बाण किती खोल जातो याचा अभ्यास करणाऱ्या एड अ‍ॅशबी यांनी 1980 च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल प्रांतात जेलीऐवजी नुकत्याच मेलेल्या प्राण्यांवर बाण मारून मोजमापं घेतली, ती पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते. मात्र त्यांचा 650 ग्रेनचा प्रसिद्ध आकडा मोठ्या प्राण्यांच्या जाड हाडांसाठीचा आहे, हरणाच्या बरगडीला एवढा जड बाण लागत नाही, तो आकडा हरणाला चिकटवणं हासुद्धा एक हाइपच झाला.

आता धार. एक समज असा आहे की करवतीसारखी, खरबरीत धार जास्त फाडते म्हणून जास्त रक्त जातं. उलट आहे. फॉरेन्सिक मेडिसिन शिकणाऱ्याला पहिल्या काही धड्यांतच सांगतात की धारदार शस्त्राची जखम जास्त वाहते आणि चिरडून फाटलेली कमी. रक्तवाहिनी चिरडली, ओढून तुटली की तिच्या आतलं अस्तर जास्त लांबवर खराब होतं, खालचं कोलॅजन उघडं पडतं, त्यावर प्लेटलेट्स चिकटतात, आजूबाजूच्या चेंगरलेल्या पेशींतून टिश्यू फॅक्टर बाहेर पडून गोठण्याची साखळी सुरू होते, थ्रॉम्बिन तयार होतं, ते फायब्रिनोजेनचं फायब्रिन करतं आणि जाळं विणलं जातं. शिवाय तुटलेलं टोक आकसून स्वतःच बुजतं. स्वच्छ कापलेल्या वाहिनीत हे सगळं उशिरा आणि कमी होतं. म्हणजे बोथट ब्रॉडहेड प्राण्याच्या शरीराला जखम बुजवायला मदत करतो, आणि मग ते हरीण तास न् तास कुठेतरी झुडपात पडून राहतं. ही गोष्ट मला खरंच सहन होत नाही.

धारेवरून इशी आठवतो. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या मूळनिवासी जमातीतला एकटा उरलेला हा माणूस 1911 मध्ये ओरोव्हिल गावाजवळ रानातून बाहेर आला, आणि सॅक्सटन पोप नावाच्या सर्जनने त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली. इशी ऑब्सिडियन (ज्वालामुखीची काच) आणि बाटलीच्या काचेतून टोकं घडवायचा. ज्वालामुखीच्या काचेची ताजी धार कुठल्याही पोलादापेक्षा बारीक असते, फक्त ठिसूळ, हाडावर टवका उडतो. पोलादाचं महत्त्व तिथे आहे, धार थोडी जाड पण ती हाडाला लागूनही टिकते.

उडण्याबद्दल थोडक्यात. बाण सरळ राहतो तो शेपटीच्या पिसांमुळे, वाऱ्याचा जोर मागे जास्त असायला हवा. पुढे रुंद पाती लावली की पुढेही पंख येतात, आणि हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेगवान धनुष्यावर मोठं फिक्स्ड टोक भरकटतं. बहुतेक वेळा दोष टोकाचा नसून धनुष्याच्या ट्यूनिंगचा असतो, बाण सुटतानाच वाकडा निघत असतो आणि साधं टोक ते लपवतं. म्हणून 100 ग्रेनच्या सरावाच्या टोकाचा आणि 100 ग्रेनच्या ब्रॉडहेडचा बाण एकाच जागी लागेपर्यंत धनुष्य जुळवत राहायचं.

मग घ्यायचं काय? 40-50 पौंड ओढीचा रीकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं, कप्प्या नसलेलं धनुष्य) असेल तर 500 ग्रेनचा बाण सेकंदाला 170 फुटांनी सुटून 43 जूलच देतो, तिथे दोन पात्यांचं, टोकापासूनच धार सुरू होणारं, लांबट उताराचं फिक्स्ड टोक, दुसरा विचारच नको. कमी ओढीच्या कंपाऊंडलाही तेच. 60-70 पौंडांच्या कंपाऊंडला तीन पात्यांचं फिक्स्ड छान चालतं. दोन पात्यांची चीर कधी कधी कातडीच्या ताणाने मिटून जाते, तीन पात्यांच्या जखमेचे पदर तसे जुळत नाहीत, म्हणून जमिनीवर रक्ताचा माग चांगला मिळतो. मेकॅनिकल घ्यायचाच तर दीड इंचाच्या आसपासचा घ्या आणि तिरक्या कोनातून बाण सोडू नका. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यांत कापाची रुंदी किमान 7/8 इंच असावी असा नियम आहे, जिथे शिकार करणार त्या राज्याचा चालू नियम आधी वाचा.

आणि पाकिटातून काढलेला ब्रॉडहेड धारदारच असतो असं धरून चालू नका. एक रबर बँड दोन खिळ्यांवर हलका ताणून बसवा आणि पातं त्याच्यावरून अलगद सरकवा, दाबू नका. लगेच तुटला तर ठीक. वाकून पुढे ढकलला गेला तर ते पातं सहाणेवर जाईल किंवा बदललं जाईल, आणि फोमच्या टार्गेटमध्ये एकदा जरी घुसवलं असेल तरी त्याची ही परीक्षा पुन्हा घ्यायची.