कुमारवयातील मद्यपान आणि पुढचे लैंगिक आरोग्य

कोवळ्या वयात दारू पिऊ लागलेल्या मुलामुलींमध्ये पुढे लैंगिक संसर्ग आणि नको असलेली गर्भधारणा अधिक प्रमाणात आढळते, असे अनेक देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. त्यावर एक हरकत नेहमी घेतली जाते. मुळातला धाडसी स्वभाव, घरातील कलह किंवा बालपणी सोसलेला छळ यांमुळेच मूल दारूकडेही वळते आणि असुरक्षित संबंधांकडेही, मग दोष एकट्या दारूला का द्यावा? हरकत रास्त आहे. मुलांना मुद्दाम दारू पाजून प्रयोग करता येत नाही, त्यामुळे उत्तर शोधायचे तर त्याच मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करावा लागतो.

न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे 1972-73 मध्ये जन्मलेल्या हजाराहून अधिक मुलांचा असा पाठपुरावा आजही चालू आहे. त्यातील ज्यांनी पंधरा वर्षांचे होण्याआधीच दारू किंवा अमली पदार्थ वारंवार घेतले होते, त्यांची गाठ बत्तिसाव्या वर्षापर्यंत व्यसनाधीनता, जननेंद्रियांच्या हर्पिसचा संसर्ग आणि मुलींच्या बाबतीत लवकर आलेली गर्भधारणा यांच्याशी इतरांपेक्षा अधिक वेळा पडली होती. संशोधकांनी स्वभाव आणि कौटुंबिक पार्श्वभूमी यांबाबत एकमेकांशी जुळणाऱ्या मुलांची तुलना केली, तरी हा फरक पुसला गेला नाही. मला यातली सर्वांत महत्त्वाची बाब वाटते ती ही, की लवकर पिऊ लागलेल्यांपैकी सुमारे निम्म्या मुलांच्या वागण्यात आधी कोणताही बिघाड नव्हता आणि तरीही त्यांचा धोका वाढलेला होता. त्याच देशातील क्राइस्टचर्चच्या दीर्घकालीन अभ्यासातही पार्श्वभूमीचा प्रभाव वजा केल्यावर मद्यपान आणि लैंगिक संसर्ग यांचा संबंध कमी झाला, पण नाहीसा झाला नाही.

हा संबंध कसा घडत असावा, याचा बराचसा उलगडा मेंदूच्या वाढीतून होतो. परिणामांचा विचार करणारा आणि ऊर्मीला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, तर सुखाची ओढ निर्माण करणारी यंत्रणा वयात येतानाच जोमाने काम करू लागते. दारूमुळे लक्षाचा परीघ आकसतो; समोरची व्यक्ती आणि त्या क्षणीची इच्छा स्पष्ट जाणवते, पण काही आठवड्यांनी किंवा वर्षांनी उद्भवणारा परिणाम विचाराच्या कक्षेत येतच नाही. प्रौढांवरील नियंत्रित प्रयोगांतही रक्तातील मद्याचे प्रमाण वाढत जाते तशी कंडोमशिवाय संबंध ठेवण्याची तयारी वाढत गेलेली दिसते. त्यात प्राण्यांवरील प्रयोग असे दाखवतात की, कोवळ्या वयात दारूने येणारी गुंगी आणि झोक जाणे प्रौढांपेक्षा कमी असते. म्हणजे थांबण्याचा इशारा शरीराकडून उशिरा मिळतो, आणि तोपर्यंत पोटात अधिक दारू गेलेली असते.

मुलींच्या बाबतीत शरीररचनेचीही भर पडते. या वयात गर्भाशयमुखाच्या बाहेरील भागावर नाजूक पेशींचा थर अधिक उघडा असतो आणि क्लॅमिडिया या लैंगिक संसर्गाचे जंतू त्या पेशींना सहज बाधित करतात. हा संसर्ग बहुतेकदा लक्षणांशिवाय राहतो. उपचार न झाल्यास गर्भनलिकांना सूज येऊन वंध्यत्व येऊ शकते. एचपीव्ही या लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूचा संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून आपोआप जातो, पण जिथे तो टिकून राहतो तिथे गर्भाशयमुखाचा कर्करोग व्हायला पंधरा-वीस वर्षे लागू शकतात. त्यामुळेच त्यावरील लस 9 ते 14 या वयात, म्हणजे हे सारे सुरू होण्याआधी देण्याची शिफारस आहे.

स्मृतीचा प्रश्न मात्र वेगळा आणि तातडीचा आहे. रक्तातील मद्य झपाट्याने वाढले की मेंदूतील हिप्पोकॅम्पस नव्या आठवणी नोंदवणे थांबवतो. ती व्यक्ती चालत-बोलत असते, पण सकाळी तिला मधले काही तास आठवत नाहीत. अशा अवस्थेत संमती देताच येत नाही, आणि जे घडले त्याची जबाबदारी संबंध लादणाऱ्याची असते, प्यायलेल्या मुलीची किंवा मुलाची नव्हे. एचआयव्ही रोखणारी औषधे मात्र 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि तातडीची गर्भनिरोधक गोळी पाच दिवसांच्या आत, तीही जितकी लवकर तितकी चांगली. रागावण्याच्या भीतीने मूल गप्प बसले तर हीच मुदत हातची जाते. म्हणून पालकांनी ‘दारू कुठून आणली’ हा प्रश्न बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. क्लॅमिडियाची चाचणी साधारण दोन आठवड्यांनी लघवीच्या नमुन्यावरही होते, आणि प्रतिजैविकांनी तो पूर्ण बरा होतो.