कुळवावरचा धोंडा

"ट्रॅक्टर मागून साडेसातशे किलो उचलतो ना? मग तेवढ्याच जोरानं खाली दाबेलही की!"

आमच्या ओळखीतल्या एका मराठी गृहस्थांनी हे वाक्य इतक्या खात्रीनं टाकलं की क्षणभर मलाच वाटलं, आपणच इंजिनिअरिंगला दांड्या मारल्या असतील. त्यांनी इथे अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये तीन एकर घेतलेत, पंचवीस एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतलाय आणि आता रस्ता सारखा करायला ट्रॅक्टरमागे जोडायचं बॉक्स ब्लेड घ्यायचंय. दुकानदारानं सहा फुटी, हलकं आणि स्वस्त दाखवलं. "वजनाचे पैसे कशाला द्यायचे, हायड्रोलिक आहे की," असं त्यांचं गणित.

हे गणित चुकीचं आहे, आणि बहुतेकांचं इथंच चुकतं. छोट्या ट्रॅक्टरचं मागचं हायड्रोलिक उचलतं, दाबत नाही. लिव्हर वर केली की पंप सिलिंडरमध्ये तेल ढकलतो आणि अवजार वर येतं. लिव्हर खाली केली की तेलाला टाकीत परतायची वाट मोकळी होते, बस्स. अवजार खाली येतं ते स्वतःच्या वजनानं. विहिरीवरच्या मोटेसारखं: भरलेली मोट वर ओढायला बैल लागायचे, रिकामी मोट खाली आपली आपण जायची. गैरसमज होतो तो पुढच्या लोडरमुळे. त्याच्या सिलिंडरला दोन्ही बाजूंनी तेल मिळतं, म्हणून तो बादली जमिनीवर दाबून ट्रॅक्टरची पुढची चाकंसुद्धा उचलू शकतो. मागच्या बाजूला ती सोय नाही.

मला हे कॉलेजात कळलं नाही, माणदेशातल्या आमच्या माळावर कळलं. आजोबा कुळव धरायचे, आणि जमीन कडक लागली की कुळवाच्या दिंडावर एक धोंडा ठेवायचे. धोंडा हाताशी नसला तर मला बसवायचे. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा, वजन वीसेक किलो. पण तेवढ्यानं फास, म्हणजे कुळवाचं पातं, जमिनीत घुसायची आणि मागे ढेकळं उलटायला लागायची. बैल तेच, ओढ तीच, बदललं होतं फक्त वरून येणारं वजन. बॉक्स ब्लेड निवडायचं शास्त्र म्हणजे हा धोंडा, बाकी बराचसा तपशील.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: बॉक्स ब्लेड म्हणजे पुढून आणि खालून उघडी असलेली जाड पत्र्याची पेटी. आपल्याकडे बैलांनी माती ओढायची केणी असते, तिची ही अमेरिकेतली पुतणी म्हणा. पाठीमागे आडवी दोन पाती, एक पुढे तोंड करून, एक मागे. आणि पेटीच्या पुढच्या भागात लोखंडी दातांची रांग, पाच फुटी पेटीला बहुधा पाच दात. दातांना भोकं असतात, पिन काढून ते वरखाली करता येतात. दात जमीन फोडतात, पातं ती खरवडतं, पेटी माती साठवत नेते आणि खळग्यात सोडते.

आता वजन. सहा फुटी हलकी पेटी दोनशे किलोची असेल तर फुटामागे तेहतीस किलो आले. पाच फुटी भारी पेटी दोनशे ऐंशी किलोची असेल तर फुटामागे छप्पन्न. जमिनीला एकूण वजन कळत नाही, तिला इंचाइंचावर किती बोजा आला ते कळतं. म्हणून दगडाळ जमिनीत रुंदीचा मोह सोडायचा. पेटी ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा झाकण्याइतकी रुंद असली की झालं. या आकाराच्या ट्रॅक्टरला साधारण पाच फूट पुरतात, काहींना चारच. दातांचंही तसंच. पाचही दात खाली सोडले तर दोनशे ऐंशी किलो पाच जणांत वाटले जातात, प्रत्येकाला छप्पन्न. दोनच सोडले तर प्रत्येकावर एकशे चाळीस. कडक जमिनीत पाच दात नुसते ओरखडे काढत जातात, तिथं दोन दात खोल उतरतात. आमचे ते गृहस्थ म्हणाले, "म्हणजे तीन दात फुकट?" फुकट नाहीत, पण पहिल्या फेरीला त्यांना वरच ठेवायचं.

वजनानंतर कोन. आणि इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ट्रॅक्टरच्या मागच्या त्या तीन दांड्यांइतकी सुंदर वस्तू यंत्रशास्त्रात फार नाही.

खाली दोन दांड्या, वर मधोमध एक, तिला टॉप लिंक म्हणतात. ही रचना रुळवली उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसननं. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरच्या नांगरणीत सुधारणा करायचं काम त्याच्याकडे आलं. त्या काळी नांगर ट्रॅक्टरला मागून नुसता जोडलेला असे. फाळ जमिनीतल्या दगडाला अडला की नांगर जागच्या जागी थांबायचा, मागची चाकं मात्र फिरत राहायची, आणि ट्रॅक्टर स्वतःच्या मागच्या आसाभोवती उभा राहून चालकाच्या अंगावर पडायचा. माणसं मरायची. फर्ग्युसननं अवजार तीन बिंदूंनी ट्रॅक्टरला बांधून टाकलं. १९३९ मध्ये हेन्री फोर्डबरोबर काढलेल्या 'नाइन-एन' ट्रॅक्टरवर ही जोडणी आली आणि पुढे जगभर पसरली. आज वाईतल्या ट्रॅक्टरमागे आणि माझ्या ट्रॅक्टरमागे तीच आहे.

ती काय करते? दात दगडाला अडला की दगड त्याला मागे ढकलतो. खालच्या दोन दांड्या पेटीला पुढे ओढत असतात. त्या जोडाच्या खाली मागे ढकलणारं बळ, म्हणून पेटी जोडाभोवती फिरू पाहते: खालचा भाग मागे, आणि वरचा खांब, ज्याला टॉप लिंक जोडतात, तो पुढे. त्या खांबाला थोपवून धरते टॉप लिंक. म्हणजे बघणाऱ्याला वाटतं वरची दांडी पेटीला ओढतेय, प्रत्यक्षात ती दाबली जात असते. आणि दाबली गेली म्हणजे ती ट्रॅक्टरला पुढे रेटते. जे बळ पूर्वी ट्रॅक्टरला उताणं पाडायचं, त्याचाच एक हिस्सा आता पुढची चाकं जमिनीवर टेकवून ठेवायला कामी येतो.

किती बळ? दाताचं टोक खालच्या जोडापासून साधारण हातभर खाली, आणि टॉप लिंकचा जोड तितकाच वर: या वर्गाच्या अवजारांत ते अंतर सुमारे ४६ सेंटिमीटर. तरफेचा नियम शाळेतला. दोन्ही बाजूंची अंतरं सारखी, म्हणून दातावर जेवढं बळ, जवळजवळ तेवढंच टॉप लिंकवर, आणि खालच्या दोघींवर मिळून त्याच्या दुप्पट. पेटी मागे लोंबकळत असल्यानं तिचं वजन यातून थोडं वजा करतं, पण धक्क्याच्या वेळी ती सूट किरकोळ. म्हणून पेटी विकत घेताना मी आधी पातं बघत नाही, खांब बघतो. खांबाच्या दोन उभ्या पट्ट्यांना मागे तिरपा आधार आहे का, वेल्डिंग सलग आहे की टाके मारलेत. रंगाकडे बघायचंच नाही.

टॉप लिंकला दोन्ही टोकांना आटे असतात, मधली नळी फिरवून ती आखूड-लांब करता येते. आखूड केली की पेटीचं तोंड खाली वाकतं, दात घुसतात. लांब केली की पेटी मागे टेकते, दात उचलले जातात आणि मागचं पातं जमीन चोपडी करत जातं. नळीचे दोन-चार वळसे, आणि तेच अवजार फोडणारं किंवा सारवणारं. घुसलेल्या दाताला पुढे आणखी एक फायदा मिळतो. त्याचं टोक पुढे तिरकं असेल तर उचलली जाणारी माती त्याच्या पाठीवर ओझ्यासारखी बसते आणि त्याला आणखी खाली ओढते. सुताराचा रंधा जसा पुढे ढकलता ढकलता लाकडात ओढला जातो, तसं. टोक झिजून बोथट झालं की उलट होतं: तळाचा सपाट भाग जमिनीवर घासत दाताला वर उचलतो. म्हणून बदलता येणारी टोकं असलेलेच दात घ्यायचे. पातंही बोल्टनं बसवलेलं, एक धार गेली की उलटं करून दुसरी वापरता येईल असं.

एचपीचं काय? दुकानात पहिला प्रश्न तोच असतो. माझा ट्रॅक्टर लोडरसकट, टायरात द्रव भरून, चौदाशे किलोच्या आसपास आहे. (टायरात पाणी भरलं तर इथल्या थंडीत गोठतं, म्हणून बीटच्या रसापासून केलेलं द्रावण भरतात.) चारही चाकं ओढत असताना बऱ्या जमिनीवर वजनाच्या निम्मी ओढ मिळाली तरी पुष्कळ, म्हणजे सातशे किलो. सेकंदाला एक मीटर या वेगानं तेवढं ओढायला सव्वानऊ एचपी लागतात. पंचवीसपैकी सव्वानऊ! त्यापुढे इंजिन कितीही घुमलं तरी चाकं जागच्या जागी फिरतात. जाहिरातीतले एचपी या कामात अर्ध्याहून अधिक बसूनच असतात.

वेगाचं मात्र ऐका, हे मी स्वतःचा दात वाकवून शिकलोय. ट्रॅक्टर आणि पेटी मिळून एक हजार सहाशे ऐंशी किलो, सेकंदाला एक मीटर. गतिज ऊर्जा आठशे चाळीस जूल. दात जमिनीत रुतलेल्या धोंड्याला अडला आणि सगळं पाच सेंटिमीटरमध्ये थांबलं तर सरासरी धक्का सुमारे पावणेदोन टनांचा. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट, आणि त्याच पाच सेंटिमीटरमध्ये धक्का सात टनांच्या घरात. त्या दिवशी मी जेवायला उशीर होतोय म्हणून गिअर बदलला होता. 'टण्ण' असा घंटेसारखा आवाज आला, हनुवटी स्टिअरिंगला लागता लागता राहिली. उतरून पाहिलं तर कडेचा दात बोटभर जाडीचा असूनही गवताच्या पात्यासारखा मागे वळलेला, आणि खाली करड्या ग्रॅनाइटवर नखाएवढी चकचकीत रेघ. दगडाला एवढंच झालं होतं. तेव्हापासून कडेचे दात मी वरच ठेवतो, कारण कडेला धक्का बसला की पेटी आडवी फिरते आणि सगळी जोडणी पिळवटते. आणि वेग रमतगमत चालण्याचा.

हे धोंडे संपत का नाहीत? दर एप्रिलला, बर्फ वितळला की साफ केलेल्या वाटेवर नवे उगवलेले असतात. आमच्या गावाकडे म्हणायचे, माळाला धोंडे वितात. इथले जुने शेतकरीही तसंच काहीसं म्हणत. खरी गोष्ट अशी की सुमारे पंधरा हजार वर्षांपूर्वी इथून मागे सरकलेल्या हिमनदीनं माती, वाळू, गोटे, धोंडे सगळं न निवडता टाकून दिलं. हिवाळ्यात जमीन वरून गोठत येते. ओल्या मातीपेक्षा दगडातून उष्णता लवकर निघून जाते, म्हणून दगडाखालचं पाणी आजूबाजूच्या आधी गोठतं. पाणी गोठताना नऊ टक्के फुगतं हे आपण शाळेत शिकतो, पण एवढ्यानं धोंडा वर येत नाही. खरी करामत अशी की तयार झालेला बर्फ बारीक मातीतून खालचं पाणी शोषून घेत राहतो, दिव्याच्या वातीनं तेल ओढावं तसा, आणि धोंड्याखाली बर्फाची भिंगं जाडजूड होत जातात. वसंतात ती वितळतात, पण धोंडा परत खाली बसण्याआधी बाजूची माती त्या पोकळीत घरंगळलेली असते. वर्षाला थोडा थोडा, पण फक्त वर.

आपल्याकडे नांगराला असा धोंडा लागला की कधी कधी त्याला शेंदूर फासला जातो आणि म्हसोबा होतो. मग पिढ्यानपिढ्या तिथून नांगर वळवून न्यायचा. इथल्या लोकांनी धोंडे उचलून बांधाला रचले. १८७१ च्या सरकारी कुंपण-मोजणीवरून पुढे काढलेला अंदाज असा की न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यातल्या राज्यांत, अशा दगडी भिंती २ लाख ४० हजार मैल होत्या, पृथ्वी ते चंद्र अंतराएवढ्या. देव आहे की नाही हा वाद मी घालत नाही, पण धोंडा कुठून आला हे माहीत असेल तर त्याला वळसा घालावा लागत नाही.

एक सांगून ठेवतो, बॉक्स ब्लेड दगड वेचत नाही. ते त्यांना हलवतं, उघडं पाडतं, पुढे ढकलतं. मुठीएवढे गोळा करायला दाताळं वेगळं, कलिंगडाएवढ्यांना लोडर, आणि वासराएवढा निघाला तर साखळी. मागच्या बाजूला बिजागरीवर हलणारं पातं असलेल्या पेट्याही मिळतात, रेताड वाटेला त्या छान. इथं बिजागरीत खडे अडकतात, मी घेणार नाही.

त्या गृहस्थांनी शेवटी पाच फुटी भारी घेतली. हे मी फोनवर गावी चुलतभावाला सांगितलं तर तो म्हणाला, मिनी ट्रॅक्टरला असलीच एक करून घेतो, गावातला फॅब्रिकेटर बनवेल. मी विचारलं, पहारीचा घाव घातलास तर दगड हलतो का? नाही, म्हणाला, नुसती ठिणगी उडते. मग तुझ्याकडे धोंडा नाही, कातळ आहे. आमचे धोंडे हिमनदीबरोबर आलेले पाहुणे, तुझा बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड झाला तिथंच बसलाय. मुरमाचा थर असेल तिथं पेटी चालेल, दोनच दात खाली सोडून, वर वजन ठेवून. कातळाला ब्रेकर लाव.

"वजन म्हणून काय ठेवू?" त्यानं विचारलं.

"आजोबांचा धोंडा अजून गोठ्यापाशी आहे का बघ."